उंबरकरी मूठ

गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं: शेवंता – लिंबू.

*

मोजा कोमट पाण्यात धुवावा. पिळू नये. उन्हात वाळत घालू नये. इस्त्री केल्यास संस्था जबाबदार नाही.

*

"तीनच बोटं लागायलीत गं डोक्याला," तेल लावून घेता घेता आई म्हणाली. "बाकीची दोन कुठं ठेवून आलीस?"

*

गाईच्या शरीराचं तापमान साडेअडतीस अंश असतं. जानेवारीत सकाळी सात वाजता खैरगावात हात शेकायला त्याहून चांगली जागा नाही.

*

एसटीच्या निवृत्त वाहक सत्त्वशीला गुट्टे यांच्या देवणी गाईला जिल्हा प्रदर्शनात लागोपाठ तिसऱ्यांदा पहिला क्रमांक. फोटोत गाय कॅमेऱ्याकडे बघते आहे. बाई गाईकडे.

*

जुळणी: ९३.८. आवश्यक जुळणी: ९२. एकूण नोंदी: ६००. उरलेल्या: ३.

*

या उरलेल्या तीन नोंदी डॉ. ईश्वरी तिडके हिच्या. वय एकोणतीस. खैरगावच्या पशु-शल्य संस्थेत मोठ्या जनावरांच्या पोटाच्या आजारांची रेसिडेन्सी, वर्ष तिसरं आणि शेवटचं. अंबाजोगाईला नवं केंद्र उघडायचं होतं आणि तिथली पहिली विशेषज्ञ म्हणून तिचं नाव जवळपास ठरलं होतं. आई तिथंच राहत होती.

मोठ्या जनावराच्या पोटाचं निदान २०४३ सालीही हात घालूनच होतं. चारशे किलोच्या गाईतून क्ष-किरण धड पार होत नाहीत. आतड्यात वायू भरला की सोनोग्राफी आंधळी होते. मग डॉक्टर खांद्यापर्यंत बाही चढवतो, शेण बाहेर काढतो, हात आत घालतो आणि आतड्याच्या पातळ भिंतीतून बाकीचे अवयव चाचपतो. बाजारातल्या पिशवीत बाहेरून हात फिरवून कांदा कुठला आणि बटाटा कुठला हे ओळखावं, तसं.

यात एक अडचण कायमची होती. विद्यार्थ्याचा हात आत काय चाचपतोय हे शिक्षकाला दिसत नाही.

"लागलं का?"

"लागलं सर."

पिढ्यान्‌पिढ्या पशुवैद्यकाचं शिक्षण या दोन वाक्यांवर चाललं. त्यातलं दुसरं वाक्य निम्म्या वेळा खोटं असायचं.

मोज्याने ते खोटं संपवलं. खांद्यापर्यंत येणारा, दुधाच्या सायीएवढा पातळ हातमोजा. त्याच्या विणीत चारशे ठिकाणी दाब आणि उष्णता मोजणारे धागे. एकाने हात घातला की त्याच्या बोटांना जे लागेल तेच, त्याच क्षणी, दुसऱ्याच्या मोज्यात उमटायचं. धागे आकसायचे, फुगायचे. खोलीत खुर्चीवर बसलेल्या माणसाला दोनशे किलोमीटरवरच्या म्हशीचं मूत्रपिंड लागायचं.

पण खरी करामत वेगळीच होती. एका निष्णात हाताच्या अकरा हजार तपासण्या मोज्यात साठवलेल्या होत्या, प्रत्येकीखाली त्या माणसाचा निर्णय: हे निरोगी, हे आजारी, हे काही नाही. याला म्हणायचे मूळ हात. शिकणाऱ्याचा हात मूळ हातासारखा फिरला, त्याच जागी थांबला, त्याच निर्णयाला आला, तर जुळणी वाढायची. चुकला, तर मोजा त्या बोटाला हलकासा चिमटा काढायचा. तीन वर्षं, सहाशे नोंदी. एखादी नोंद ऐंशीच्या खाली गेली तर बाद. अशा दोन बाद झाल्या तर रेसिडेन्सी एका वर्षाने लांबायची. ईश्वरीची एक दुसऱ्या वर्षी झाली होती.

सात राज्यांत हाच मोजा होता. मूळ हात डॉ. भालचंद्र उंबरकर यांचा. डावा. सर आत नेहमी डावाच हात घालत. उजव्याने लिहीत.

उंबरकर सरांचा हात पाहायला लोक लांबून येत. अनामिका आणि करंगळी तळव्यात दुमडलेली, बाकीची तीन बोटं चोचीसारखी पुढे. याला उंबरकरी मूठ असं नाव पडलं होतं. करंगळी लागली की आतडं बिचकतं, म्हणून सर ती दुमडतात, असं सीनियर ज्युनियरला सांगायचे. सर स्वतः असं कधी म्हणाले नव्हते. मेसमध्ये पहिल्या वर्षाची पोरं पोळीसुद्धा तीन बोटांनी तोडायची. स्वयंपाकीणबाई म्हणायच्या, "एवढे शिकलेले डॉक्टर, आन एकालाबी धड हात नाही."

ईश्वरीची मूठ सगळ्यांत हुबेहूब होती. सर तिला बाकीच्यांसारखं आडनावाने हाक मारत नसत. पोरी म्हणत.

नोंद ५९८

सत्त्वशीलाबाई गाईच्या आधी बोलायला लागल्या.

"काल सकाळी पोटाला लाथा मारायली होती. दुपारपासून गप. गप झाली म्हणून बरी झाली असं म्हणू नका, मला ते पटायचं नाही. बत्तीस वर्षं एसटीत तिकीट फाडलंय. जो प्रवासी एकदम गप होतो ना, तो उलटी करणार असतो."

"नाव काय हिचं?"

"बिजली. तुम्ही पेपर वाचत नाही का?"

बिजली खोड्यात उभी होती. कातडं तुकतुकीत, डोळे आत गेलेले. जब्बारमामूंनी शेपूट एका बाजूला धरली. जनावरं धरण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती, आणि कुठल्या जनावरात काय निघालं हे ते गोठ्याच्या भिंतीवर खडूने, फळांच्या मापात लिहून ठेवायचे. गेल्या दिवाळीला भिंतीला चुना मारला तेव्हापासून त्यांनी लिहिणं सोडलं होतं.

ईश्वरीने हात घातला. शेण नव्हतं. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवर काळपट लाल, जांभळाच्या गरासारखं काहीतरी होतं.

"म्याडम," जब्बारमामू हळूच म्हणाले, "शेण नाय. नुसता रक्ताळ शेंबूड हाय."

"दिसतंय मामू."

तिला पुस्तकातलं ते पान आठवलं. आधी लाथा, मग शांतता, मग शेण बंद, मग हा रंग: आतड्यात आतडं शिरलंय. अंगरख्याची बाही उलटी आत ओढली जाते तसं. चोवीस तासांत कूस उघडून तेवढा तुकडा काढला तर जनावर वाचतं.

तिने पुन्हा हात घातला, उंबरकरी मुठीत. मूत्रपिंड, कोठीपोट, आतडी. सगळं मऊ. कानातल्या यंत्राने जुळणी सांगितली: शहाण्णव.

उजवीकडे, खाली, जिथं तीन बोटं पुरत नव्हती तिथं तिने दुमडलेली दोन बोटं उघडली.

काहीतरी होतं. असावं. दूर भिंतीपलीकडे कुणी बोलतंय एवढंच कळावं, शब्द नाही, तसं. त्याच क्षणी करंगळीला चिमटा बसला. ब्याऐंशी. तिने बोट अजून पुढे रेटलं. चिमटा. एक्क्याऐंशी.

"सर, जोडी घेता का?" ती कॉलरच्या माइकमध्ये म्हणाली.

उंबरकर सर वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत होते. त्यांनी त्यांचा मोजा चढवला. आता तिच्या पाचही बोटांना जे लागत होतं ते त्यांच्या पाचही बोटांवर उमटत होतं.

"उजवीकडे खाली, सर. करंगळीपाशी. लागतंय का?"



"काही नाही, पोरी. वायू आहे. मूठ मिट."

तिने मूठ मिटली. जुळणी पंचाण्णववर परत आली.

"काय निघालं?" सत्त्वशीलाबाईंनी विचारलं.

"विशेष काही नाही. औषध देते. दोन दिवस वाट बघू."

"आन तो रंग?"

"आतड्याला सूज असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. त्यांनी बिजलीच्या कपाळावर हात ठेवला. "असेल म्हणून तिकीट देता येत नाही, म्याडम. कुठून कुठं ते सांगावं लागतं."

 मामूंनी शेपूट सोडली.

नोंद ५९८, पुढे

तिसऱ्या दिवशी दुपारी बिजली मेली. शवविच्छेदन ईश्वरीने केलं, साधे रबरी मोजे घालून. डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीला हात पुरतो.

उजवीकडे खाली वीतभर आतडं दुसऱ्या आतड्यात शिरलं होतं. काळं, कडक, मनगटाएवढं. तिने आपला डावा हात त्या जागेशी धरून बघितला. तीन बोटं त्याच्या अलीकडे थांबत होती. अनामिका आणि करंगळी बरोबर त्याच्यावर टेकत होती.

सत्त्वशीलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी आत येऊ नका म्हटलं नव्हतं.

"इथंच हात घातला होता ना तुम्ही?"

"हो."

"आन वरच्या सायबांनीबी?"

"हो."

"दोन हात, दहा बोटं," बाई म्हणाल्या.  रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून फक्त चष्मा पुसला, आणि गाईची घंटा मागून घेतली.

चहा

"आतडं होतं सर."

"ऐकलं मी."

"तुमच्या बोटांवर ते उमटलं होतं. मी मोज्याची साठवण काढून पाहिली. करंगळीवर दाब स्पष्ट आहे. एवढा दाब अंगठ्यावर आला असता तर तुम्ही खुर्चीतून उठला असतात."

सरांनी चहाचा स्टीलचा पेला डाव्या हातात धरला होता. आत्ताच ओतलेला, वाफाळता. तर्जनी आणि मधलं बोट त्यांनी काठाशी उचलून धरलं होतं, चटका बसू नये म्हणून. अनामिका आणि करंगळी पेल्याच्या बुडाला चिकटून होती. त्यांची कातडी लाल होत चालली होती.

ईश्वरी बघत राहिली. बऱ्याच वेळाने सरांनी तिच्या नजरेमागे नजर नेली, आणि पेला खाली ठेवला.

"कधीपासून?"

"एकतीस सालचा मार्च. एक गीर गाय, खोड्यात एकदम बसली. माझा हात आत, कोपर दांडीवर. हाड जुळलं. बोटांतली जाण परत आली नाही."

"आणि मूळ हात?"

"त्याच वर्षी दिवाळीनंतर घेतला. तीन जणांचे हात बघितले होते, माझा निवडला." ते थोडंसं हसले. "सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणाचा घेतला असता. त्या वयात माणूस असा मान कशाला सोडतो सांग."

"म्हणजे अकरा हजार तपासण्यांत ज्या ज्या वेळी त्या दोन बोटांना काही लागलं—"

"त्याखाली मी लिहिलं, काही नाही. मोजा तेच शिकला." त्यांनी लाल झालेली करंगळी दुसऱ्या हाताने अशी चोळली की जणू ती परक्याची होती. "मी बोटं दुमडायचो कारण ती मध्ये अडकायची. तुम्ही पोरांनी त्याची कला केली. मला वाटलं, करू दे. बरं वाटायचं, पोरी. खरं सांगतो."

"मी मंडळाला सांगणार."

"सांग."

ती दारापर्यंत गेली तेव्हा सर म्हणाले, "त्याआधी तुझी बोटं तपासून घे."

"माझ्या नसेला काही झालेलं नाही."

"नसेचं म्हणत नाही मी."

मंडळ

परीक्षा मंडळात तिघं होते. अध्यक्ष डॉ. वासंती केळुसकर, शांत, कोकणी, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. ईश्वरीने सगळं सांगितलं. बिजली, करंगळी, पेला. मूळ हातात दोन बोटं मेलेली आहेत, आणि त्या हातावर शिकलेला प्रत्येक विशेषज्ञ उजव्या खालच्या कोपऱ्यात आंधळा आहे. हे बोलताना तिला माहीत होतं की सगळ्यावर पाणी सोडावं लागणार. सहाशे नोंदी, तीन वर्षं, अंबाजोगाई.

"आरोप गंभीर आहे," केळुसकर बाई म्हणाल्या. "उंबरकरांशी बोलू. पण एक साधी गोष्ट आत्ताच करता येईल. तुमचं म्हणणं, मोजा बोटांना अडवतो. मग मोजा काढा, पाचही बोटं वापरा, आणि जे मोज्याला लागत नाही ते शोधून दाखवा."

गोठ्यात तीन गाई उभ्या केल्या. संस्थेच्याच, म्हाताऱ्या, शिकवणीच्या. तिघींपैकी एकीच्या पोटात उजवीकडे खाली चरबीची गाठ होती. गेल्या वर्षी सिझेरियनसाठी कूस उघडली तेव्हा डोळ्यांनी पाहिलेली, कागदावर नोंदलेली. कुठली गाय ते कागदात. कागद केळुसकर बाईंच्या पर्समध्ये.

जब्बारमामूंनी तिला साधी प्लास्टिकची बाही दिली. देताना काहीतरी बोलायला गेले. मंडळातल्या एकाने बोट ओठांवर ठेवलं.

तिने पहिल्या गाईत हात घातला. मूठ उघडली. पाच बोटं.

ऊब. ओल. हालचाल. तीन बोटं धडाधड सांगत होती: हे मूत्रपिंड, ही आतडी, हा कोठीपोटाचा काठ. उरलेल्या दोन बोटांना काहीतरी लागत होतं खरं. चटका दिला असता तर ती मागे सरली असती, टाचणी टोचली असती तर कळलं असतं. पण काय लागतंय, मऊ की कडक, गोल की लांब, हे सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं.

मेंदूत हाताचा एक नकाशा असतो, प्रत्येक बोटाला त्यात आपली जागा. जे बोट वापरलं जात नाही त्याची जागा शेजारची बोटं बळकावतात. काही महिन्यांतच. आणि ज्या बोटाला काही जाणवलं की दर वेळी चिमटा बसतो, ते जाणवून घेणंच सोडतं. तीन वर्षांत पाचशे अठ्ठ्याण्णव वेळा ईश्वरीच्या मेंदूने हा धडा घेतला होता. तिची नस शाबूत होती. नसेच्या पलीकडे दार बंद होतं.

दुसरी गाय. तिसरी. पुन्हा पहिली. खांदा भरून आला. बाही घामाने चिकटली.

"वेळ घ्या," केळुसकर बाई म्हणाल्या. त्या खरोखरच दयाळू होत्या.

"दुसरी," ईश्वरी म्हणाली.

जब्बारमामूंनी डोळे मिटले.

बाईंनी कागद उघडला. "तिसरी. पेरूएवढी गाठ."

 गाई रवंथ करत होत्या.

"हे बघा," केळुसकर बाई अखेर म्हणाल्या, "तुमची जुळणी या वर्षात सगळ्यांहून जास्त आहे. इतक्या तयार हाताला मोज्याशिवायही जी गाठ लागत नाही, ती हाताने लागण्यासारखीच नाही, असा याचा अर्थ होतो. म्हणजे मूळ हाताची चूक नाही. तुमचीही नाही. त्या गाईच्या बाबतीत वाईट वाटून घेऊ नका. आम्ही तसं लिहून ठेवतो."

"पण माझी बोटंच—"

"डॉक्टर तिडके. मोजा घाला. शेवटच्या दोन नोंदी पूर्ण करू."

ती नाही म्हणू शकली असती. खोड्याची दांडी धरून ती जरा वेळ उभी राहिली. मग तिने मोजा घातला. डाव्या हाताची मूठ आपोआप मिटली.

सत्त्याण्णव पूर्णांक एक. अठ्ठ्याण्णव.

अंबाजोगाई

तिने मंडळाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर आलं: नोंद घेतली आहे. उंबरकर सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्या डाव्या हाताचा पितळी साचा काढून दर्शनी भिंतीवर लावला, मूठ मिटलेला. नवा मूळ हात हवा होता. सगळ्यांत जवळचा हात कुणाचा, हे यंत्राने सांगितलं. ईश्वरीने नकार कळवला. उत्तर आलं की तिच्या सहाशे नोंदी संस्थेकडे आहेतच, तेवढ्या पुरतील.

सत्त्वशीलाबाई पुढच्या उन्हाळ्यात बिजलीची कालवड घेऊन आल्या. अंबाजोगाईचं केंद्र त्यांना जवळचं. पोट फुगलं होतं, एवढंच. ईश्वरी साधी बाही चढवायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"मोजा घाला म्याडम. मंडळापुढं उघड्या हाताला गाठ लागली नाही म्हणे. त्याच्यावर माझा भरवसा राहिला नाही आता."

जुलैत केंद्रात पहिली निवासी डॉक्टर आली, लातूरची, उत्साही. पहिल्याच तपासणीला तिने अनामिका आणि करंगळी दुमडली. ईश्वरीने पुढे होऊन ती दोन बोटं आपल्या हातांनी सरळ केली.

"अशी ठेव. काहीही झालं तरी."

"हो मॅडम."

मुलीने हात आत घातला. थोड्या वेळाने "आई गं!" म्हणाली. मग हसली, ओशाळून.

"चिमटा बसला मॅडम. आता बरोबर आहे. ब्याण्णव."

आई हल्ली तेल स्वतःच लावून घेते.

खैरगावात, तिच्या रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी, मोजे आले नव्हते. ईश्वरीने प्लास्टिकच्या बाहीने सात गाई तपासल्या आणि तिसऱ्या खोड्यातल्या शेवंताच्या पोटात, उजवीकडे खाली, करंगळीपाशी लिंबाएवढी चरबीची गाठ आहे, असं जब्बारमामूंना सांगितलं.